कपाटाच्या दारामागचा नकाशा

आमच्या खोलीत तीन टेबलं, दोन खिडक्या आणि सात लोखंडी कपाटं होती. दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागच्या बाजूला. दारावर पाटी ‘रोगनोंदणी’. त्या पाटीकडे बघून लोकांना वाटायचं इथेही रांग लावायची असते, म्हणून दिवसातून दोन-तीन जण तरी चुकून यायचे. माझ्या शेजारच्या टेबलावरची ताई त्यांना उठून बाहेरपर्यंत पोचवायची. बोटाने दिशा दाखवणं तिला जमायचं नाही.

तिला सगळे टाचणीताई म्हणत. तोंडावरसुद्धा. कारण पहिल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने आमच्या जिल्ह्याचा नकाशा चिकटवलेला होता आणि त्यावर ती टाचण्या टोचायची. आधीच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला हे काम सांगितलं होतं. ते निवृत्त झाले, नंतर वारलेही, पण टाचण्या चालू राहिल्या. “कुणी थांब म्हणालं नाही,” ती म्हणायची, “मग मी कशाला थांबू?”

सगळ्या रोगांच्या टाचण्या नव्हत्या. एकाच रोगाच्या होत्या. रक्ताचा कर्करोग, पण त्यातलाही विरळा प्रकार, एका विषाणूमुळे होणारा. त्याचं नाव एवढं लांब की आमच्या कार्डावरच्या रकान्यात मावत नसे. वरच्या प्रयोगशाळेतले लोक त्याला ‘फुलाचा’ म्हणत, कारण सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की त्या पेशींचा मधला भाग पाकळ्या फुटल्यासारखा दिसतो. मी एकदा पाहिलाय. खरंच फूल दिसतं. देवाने वाईट गोष्टीलाही रूप का द्यावं, असा विचार त्या दिवशी मनात आला होता. मग मी खाली येऊन टायपिंगला बसले.

वर्षाला असे चार-पाच रोगी यायचे. कागद आमच्याकडे आला की ताई आधी कार्ड भरायची, मग चष्मा कपाळावर चढवून नकाशाजवळ जायची, कागदावर जो पत्ता असेल तिथे टाचणी लावायची. तिचा नियम एकच होता, कागदावर आहे तेच लिहायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. खाडाखोड तर नाहीच. मी नवीन होते तेव्हा एकदा रबर वापरला, तर तिने तो उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाली, “बाई, हा आपला नाही. हा शाळेतला.” तो अजून त्याच ड्रॉवरमध्ये असेल.

ताई तेव्हा चौपन्न वर्षांची. बुटकी, चालताना थोडी डावीकडे झुकणारी. नवरा लवकर गेला. एकच लेक, ती लग्न होऊन दुसऱ्या गावी. ताई सूतगिरणीमागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायची. मूळची ती खाडीपलीकडच्या बेटावरची. बेटावर चार गावं आणि मिठागरं, बाकी काही नाही. रोगनोंदणीत येण्याआधी बारा वर्षं ती केसपेपरच्या खिडकीवर होती. ही खिडकीची गोष्ट लक्षात ठेवायला हवी, पुढचं सगळं तिथूनच निघालं.

त्या वर्षी वरच्या मजल्यावर रक्ताच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, भराभर चालणाऱ्या, चहा उभ्यानेच पिणाऱ्या. एक दिवस कुठल्या तरी जुन्या कार्डासाठी त्या आमच्या खोलीत आल्या आणि कपाट उघडल्यावर तशाच उभ्या राहिल्या.

“हे काय आहे?”

“नकाशा,” ताई म्हणाली.

“ते दिसतंय. हे कुणी केलं?”

“मीच. सांगितलं होतं म्हणून.”

बाईंनी कप कपाटावर ठेवला. त्रेचाळीस टाचण्या होत्या. बहुतेक शहरभर विखुरलेल्या, इथे एक, तिथे दोन. पण एका जागी इतकी दाटी होती की कागदाला तिथे चाळणी झाली होती. बाईंनी बोटाने मोजल्या. अकरा.

“ही कुठली जागा?”

“सूतगिरणीमागची गल्ली.”

“एका गल्लीत अकरा? अहो, अख्ख्या जिल्ह्यात वर्षाला पाच रोगी, आणि एका गल्लीत अकरा? हे आजवर कुणी पाहिलं नाही?”

“कपाटाचं दार बंद असतं ना, मॅडम,” आमचे शिपाईमामा दारातून म्हणाले.

ताई टेबलाशी जाऊन कार्डं सारखी करायला लागली. ती त्याच गल्लीत राहते हे मला माहीत होतं. मला वाटलं, बिचारी घाबरली असेल.

पंधरा दिवसांत बाईंनी मंजुरी आणली. त्या गल्लीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं रक्त तपासायचं, विषाणू कुणाच्या अंगात आहे ते बघायचं. गल्लीच्या तोंडाशी कागद लागला. कागदावर काय लिहिलंय ते कुणी नीट वाचलं नाही, पण दवाखान्याचा शिक्का सगळ्यांनी वाचला. कोपऱ्यावरचा दुकानदार सुट्टे पैसे हातात न देता फळीवर ठेवायला लागला. इस्त्रीवाल्याने कपडे घ्यायला गल्लीत यायचं बंद केलं. “तुमच्याकडे काहीतरी निघालंय म्हणे,” एवढंच सगळे म्हणायचे, काय निघालंय ते कुणालाच माहीत नव्हतं.

नेमकी त्याच सुमारास ताईची लेक आईकडे राहायला आली होती. आठवा महिना संपत आलेला. ती मला फार आवडायची. आईसारखीच बुटकी, पण तोंडाने तिखट. डबा द्यायला दुपारी खोलीत यायची, खुर्चीत मावत नाही म्हणून माझ्या टेबलाला टेकून उभी राहायची.

“मावशी, आमच्या गल्लीत रोग आहे म्हणे. मी जाऊ का परत सासरी? तिकडे निदान नुसती सासू आहे.”

“गप्प बस,” ताई म्हणायची. “गल्लीत काही नाही.”

“तुला कसं माहीत? तूच टाचण्या लावल्यास.”

रक्ततपासणी रविवारी झाली. गल्लीतल्या एकोणसत्तर जणांनी रक्त दिलं. ताईने दिलं नाही. ती म्हणाली, मला कार्यालयात काम आहे. रविवारी! लेकीलाही तिने देऊ दिलं नाही. “पोटुशीने रक्त द्यायचं नसतं,” म्हणाली. मी ते ऐकलं आणि मला जरा चमत्कारिक वाटलं, कारण आमच्याच दवाखान्यात गरोदर बायकांचं रक्त रोज काढतात आणि ताईला ते माहीत होतं. पण वडीलधाऱ्या माणसाला टोकायची माझी सवय नाही.

निकाल आले. एकोणसत्तरच्या एकोणसत्तर स्वच्छ.

डॉक्टरीणबाई खाली आल्या आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या. कपाट उघडून नकाशाकडे बघत राहिल्या.

“मला कळतच नाही. अकरा रोगी ह्या गल्लीतले, आणि गल्लीत विषाणूचा पत्ता नाही. बरं, हा काही हवेतून, पाण्यातून येणारा नाही. रक्तातून जातो, नवराबायकोत जातो, आणि सगळ्यात जास्त आईच्या दुधातून. लहानपणी अंगात शिरतो आणि चाळीस-पन्नास वर्षं गप्प बसतो. वीस जणांत एखाद्यालाच पुढे आजार होतो, बाकीचे काही न होता म्हातारे होऊन मरतात. म्हणून तो ठरावीक जागी, ठरावीक घराण्यांत राहतो. जगात असे तुकडेच आहेत. कुठे एखादं बेट, कुठे एखादा डोंगराळ भाग. शेजारच्या जिल्ह्यात नावालाही नसतो. आणि गंमत म्हणजे एका देशात तो सत्तरीला आजारी पाडतो, दुसऱ्या देशात पंचेचाळिशीला. का, ते कुणालाही नीट माहीत नाही.”

ताईने हातातलं पेन खाली ठेवलं.

“दुधातून?”

“हो. जितकं जास्त दिवस पाजलं तितकी शक्यता जास्त.”

“आणि तपासलं तर आधी कळतं? बाळ व्हायच्या आधी?”

“साध्या रक्ताच्या तपासणीत कळतं. आईच्या अंगात असेल तर आम्ही सांगतो, अंगावर पाजू नका. मग बाळाला यायची शक्यता खूपच कमी होते.” बाईंनी तिच्याकडे पाहिलं. “का हो?”

ताई उठली. नकाशाजवळ गेली. आणि जी बाई कधी खाडाखोड करत नव्हती तिने त्या गल्लीतल्या टाचण्या एकेक करून काढायला सुरुवात केली. काढलेली टाचणी डाव्या तळहातावर ठेवत होती. तळहात तिने तसाच उघडा धरला होता.

“हे खोटं आहे,” ती म्हणाली. “हे लोक गल्लीतले नाहीत. पत्ता माझा आहे.”

मग तिने सांगितलं. शहराबाहेरून आलेल्या रोग्याला आपल्याकडे थेट घेत नाहीत. आधी त्याच्या भागातल्या छोट्या दवाखान्याची चिठ्ठी लागते. बेटावरून माणूस सकाळच्या होडीने निघतो, खिडकीशी पोचतो, आणि खिडकीवरची बाई सांगते, चिठ्ठी आणा. परतीची होडी संध्याकाळी. बेटावर चिठ्ठी देणारा डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस. ताई खिडकीवर असताना बेटावरचं माणूस आलं की त्याच्या बोलण्यावरूनच तिला कळायचं. ती विचारायची, इथे कुणी ओळखीचं राहतं का? नाही म्हणालं की ती स्वतःच्या गल्लीचं नाव लिहून टाकायची. पोस्टमन ओळखीचा, तो दवाखान्याची पत्रं ताईकडे टाकायचा, ताई ती होडीवाल्याबरोबर पलीकडे पोचवायची. ती खिडकी सोडून इकडे आली तरी पत्ता चालूच राहिला. बेटावर लोक तो एकमेकांना सांगायचे, एखाद्या औषधाचं नाव सांगावं तसा.

“आणि तुम्ही इथे बसून त्याच पत्त्याच्या टाचण्या लावत होता?” बाई म्हणाल्या.

“कागदावर तेच होतं. वाटलं, कागदच आहे. टाचणी कुणाला टोचते?”

शिपाईमामा दारात होतेच. “काखेत कळसा अन् गावाला वळसा,” ते हळूच म्हणाले. त्यांना कुणी गप्प केलं नाही.

बाईंचा चेहरा लाल झाला होता. एकोणसत्तर माणसांना सुया टोचल्या होत्या त्यांनी. पण त्या हुशार होत्या. रागावण्याआधी त्यांनी विचारलं, “हे अकराही जण बेटावरचे?”

“हो.”

“बाकीच्या बत्तीसपैकी किती?”

“ते आता बघावं लागेल. पण नावं आठवली तर पुष्कळ.”

“आणि तुम्ही बेटावर जन्मलात.”

“मिठागरावर. बायका मीठ ओढायला जायच्या तेव्हा पोरं एका छपराखाली ठेवायच्या. जी ओली बाळंतीण असेल ती तिथे बसायची आणि सगळ्यांना पाजायची. मी तीन बायकांचं दूध प्यालेय. आम्ही ते मोठ्या अभिमानाने सांगतो.” तिने तळहातावरच्या टाचण्या टेबलावर ठेवल्या. “माझी आई बावन्नाव्या वर्षी गेली. अंगावर चट्टे, मानेत गाठी. शेवटी शेवटी तहान लागायची, सारखं पाणी मागायची आणि माणसं ओळखेना. तिला इथे आणलीच नव्हती. तिची टाचणी नाही.”

बाईंचा राग कुठे गेला ते कळलं नाही. त्या म्हणाल्या, “तुमच्या लेकीला किती दिवस राहिलेत?”

“तीन आठवडे.”

“मग उद्या सकाळी दोघी या. उपाशी यायची गरज नाही.”

पाच वाजता ताई म्हणाली, “माझ्याबरोबर चल.” मी गेले. वाटेत ती पुढे चालत होती. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते, नेमकं काय मागायचं ते मात्र सुचत नव्हतं.

लेक पलंगावर बसून झबल्यांना बंद शिवत होती. ताईने चप्पलही काढली नाही, दारातच उभं राहून सगळं सांगून टाकलं. कार्ड वाचल्यासारखं सांगितलं, मधे कुठे न थांबता.

लेकीने सुई झबल्यात खोवून ठेवली.

“म्हणजे रविवारी तू मला मुद्दाम रक्त देऊ दिलं नाहीस.”

“हो.”

“गरोदर बाईने द्यायचं नसतं म्हणालीस. खोटं बोललीस.”

“हो. माझं निघालं असतं तर विचारलं असतं, कुठल्या तुम्ही. मग पत्त्याचं निघालं असतं. नोकरी गेली असती. दुधाचं मला माहीत नव्हतं, देवाशपथ. आज दुपारी कळलं.”

“नोकरी!” लेक म्हणाली. तिने झबलं घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “मला किती वर्षं पाजलंस?”

“अडीच.”

“अडीच. आणि सगळ्या गल्लीत सांगत फिरलीस. बाटलीवरच्या पोरांना काय म्हणायचीस तू? मावशी, तुम्ही ऐकलंय ना?”

मी ऐकलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. बाटलीवरची पोरं म्हणजे फुगे, टाचणी लावली की संपले, असं ताई म्हणायची.

“उद्या येशील ना?” ताईने विचारलं.

“येईन की. न येऊन सांगू कुणाला?” लेक म्हणाली. “आणि चपला काढ. आत्ताच फरशी पुसलीय.”

रक्त दिल्यापासून निकाल येईपर्यंत नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत ताईने बाकीच्या बत्तीस कार्डांचं काम काढलं. जे हयात होते त्यांना, नाहीतर त्यांच्या घरच्यांना एकच प्रश्न विचारायचा: आईच्या अंगावर पीत होता तेव्हा घर कुठे होतं? फोनवर हा प्रश्न ऐकून लोक आधी हसायचे. एका म्हाताऱ्याने विचारलं, “बाई, तुम्ही दवाखान्यातून बोलताय की लग्न जुळवताय?” पण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. आत्ताचा पत्ता विचारला की माणूस अडखळतो, भाड्याचा सांगू की मुलाचा; लहानपणीचं घर विचारलं की दारापुढच्या झाडासकट सांगतो.

शहरभर विखुरलेल्या टाचण्या निघून खाडी ओलांडून गेल्या. त्रेचाळीसपैकी अडतीस. त्यातल्या सत्तावीस एकट्या मिठागराच्या गावात. त्या गावाच्या उत्तरेला, अर्ध्या तासाच्या चालीवर दुसरं गाव आहे, तिथे एकही नव्हती. त्या गावच्या बायका मिठागरावर येत नसत, असं ताईने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं, पण म्हणाल्या, एवढ्यावरून छपराला दोष देता येणार नाही, तपासल्याशिवाय काहीच म्हणायचं नाही.

दहाव्या दिवशी बाईंनी दोघींना वर बोलावलं. ताईच्या रक्तात विषाणू होता. लेकीच्याही होता.

बाईंनी समजावलं की हा आजार नव्हे, विषाणू नुसता अंगात आहे. सहा महिन्यांनी तपासायला यायचं. अंगावर चट्टा किंवा गाठ आली तर लगेच सांगायचं. आईचं दूध वाईट असं बाहेर कुणाला सांगत सुटू नका, हेही म्हणाल्या. ज्यांच्या रक्तात नाही त्यांनी पाजायलाच हवं. हे फक्त तुमच्यासाठी आहे. जावईबापूंनाही तपासायचं ठरलं. ते आले, रक्त दिलं आणि सुई बघून खाली बसले. त्यांचं स्वच्छ निघालं.

मुलगी झाली. तीन किलोला थोडी कमी. मी तिसऱ्या दिवशी बघायला गेले तेव्हा लेकीने छातीला पट्टा आवळून बांधला होता आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. दूध येत होतं, ते जिरवायचं होतं. शेजारच्या खाटेवरची बाई तिसऱ्यांदा म्हणाली, “अगं, पाज की. रडतंय लेकरू. काय आई आहेस!”

ताई खिडकीजवळ बसून बाटली धूत होती. उकळलेलं पाणी, मापाचा चमचा, पावडर सपाट भरून. मनगटावर थेंब टाकून बघत होती. ती त्या बाईला म्हणाली, “तिच्या अंगात दोष नाही. दोष मी दिलाय, आणि तो इथेच थांबवायचाय. तुम्ही तुमच्या लेकराकडे बघा.” आवाज चढवला नाही. मग तिने नात मांडीवर घेतली आणि बाटली तिच्या तोंडाला लावली. पोरीने आधी तोंड फिरवलं. नंतर घेतली.

पत्त्याच्या प्रकरणाबद्दल ताईला लेखी समज मिळाली. नोकरी गेली नाही. डॉक्टरीणबाईंनी वर काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही. केसपेपरवर पत्त्याखाली एक नवी ओळ छापली गेली: ‘लहानपणी राहण्याचे गाव’. बेटावर महिन्यातून एकदा तपासणी सुरू झाली. होडीतून बाईंबरोबर ताई जायची. मिठागराच्या छपराखाली पहिल्या दिवशी बायका लांब उभ्या राहिल्या तेव्हा तिनेच आधी बाही वर केली, तिचं रक्त आधी काढलेलं असूनसुद्धा. “बघा, निघतंय,” ती म्हणाली, “मीठ नाही निघत.” एक हसली, मग दुसरी पुढे आली.

आईची टाचणी तिने लावली नाही. मी एकदा म्हटलं, लाव ना. ती म्हणाली, “तिचा कागद नाही.”

नातीची तपासणी लगेच करून उपयोग नव्हता. आईच्या रक्तातलं काही काही बाळात वर्षभर राहतं आणि निकाल फसवा येतो, त्यामुळे दीड वर्ष थांबायचं होतं. ते दीड वर्ष ताई कामावर येत राहिली, कार्डं भरत राहिली. नातीच्या अंगावर पुरळ उठला की दुसऱ्या दिवशी ताईच्या चष्म्याची काच पुसली जायची, परत परत. पुरळ उन्हाचा निघायचा. पोरगी मात्र गुटगुटीत झाली. लेक तिला कडेवर घेऊन खोलीत यायची आणि म्हणायची, “आजीपासून लांब गं. फुगा आहेस तू.”

निकाल मंगळवारी आला. शिपाईमामांनी पाकीट आणून ताईच्या टेबलावर ठेवलं आणि तिथेच उभे राहिले. ताईने कात्रीने कड कापली, कागद वाचला, पालथा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं, पुन्हा वाचला. मग माझ्याकडे सरकवला. विषाणू आढळला नाही.

मी हात जोडले. मामा “हात्तिच्या,” म्हणाले आणि डोळे पुसत चहा सांगायला गेले.

ताईने कागदाला सवयीने दोन भोकं पाडली. पहिलं कपाट उघडलं. फाइलींवरून बोट फिरवलं, मग दुसरं कपाट उघडलं, मग तिसरं. आमच्या खोलीत सगळे कागद रोग्यांचे. ज्याला काही झालेलं नाही त्याचा कागद ठेवायला सातही कपाटांत एक खण नव्हता.

“ह्याला आपल्याकडे जागा नाही गं,” ती म्हणाली.

तिने कागदाची घडी घातली, पिशवीत डब्याखाली ठेवली आणि पुढचं कार्ड ओढलं.